किल्ल्या मारियामातेच्या हाती



१५ ऑक्टोबर हा आविलाच्या संत तेरेजाचा सण. तिच्या प्रार्थनाजीवनाविषयी आपण पुष्कळदा ऐकतो. आज मठाधिपती तेरेजाची ओळख करून घेऊ या.

स्पेनमधील आविला येथे २८ मार्च १५१५ रोजी तेरेजाचा जन्म झाला. १५३५ साली तिने तेथील कार्मेल मठात प्रवेश केला. मठ मोठा, पण उत्पन्न तुटपुंजे. श्रीमंत घरच्या भगिनींना स्वतंत्र खोल्या, गरीब घरच्यांना सामाईक दालन. भेटीला येणाऱ्यांची सतत वर्दळ. तेरेजाही बरीच वर्षे त्या गप्पांत रमली होती. म्हणूनच सुधारणेचा आरंभ तिने स्वतःपासून केला. १५६२ साली मोजक्या भगिनींसह तिने संत योसेफाच्या नावाने लहानसा मठ स्थापन केला. तेथे दारिद्र्य, मौन व प्रार्थना यांना पुन्हा पहिले स्थान मिळाले.

खरी परीक्षा पुढे होती. १५७१ साली वरिष्ठांनी तिला तिच्या जुन्याच मठाची मठाधिपती नेमले. आपली प्रमुख निवडण्याचा तेथील सुमारे १३० भगिनींचा हक्क डावलला गेला होता. तेरेजा आली तेव्हा अनेकींनी आरडाओरडा करून तिला विरोध केला.

पहिल्या सभेस भगिनी आल्या आणि पाहतात तो काय! मठाधिपतीच्या आसनावर पवित्र मारियेची मूर्ती, मूर्तीच्या हाती मठाच्या किल्ल्या आणि तेरेजा तिच्या पायाशी बसलेली. आपल्या नव्या मठाचे कडक नियम तिने कोणावर लादले नाहीत. आधी जेवणाची सोय पाहिली, मग हळूहळू भेटीगाठींना आळा घातला. आध्यात्मिक मार्गदर्शनासाठी क्रुसाच्या संत योहानाला बोलावून घेतले.

१५७४ साली तिची मुदत संपली. १५७७ च्या निवडणुकीत बहिष्काराची धमकी असतानाही पन्नासहून अधिक भगिनींनी तिलाच मत दिले! त्यासाठी त्यांनी बहिष्कारही सोसला. पद तिला मिळाले नाही, मने मात्र तिने केव्हाच जिंकली होती.

१५८२ साली तिचे निधन झाले. गोव्यात ज्यांचे शव आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्यासोबत १६२२ साली ती संत घोषित झाली. १९७० साली पोप पॉल सहावे यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून गौरविले.

सेमिनरीत आम्ही अधिकाराच्या व्याख्या पाठ केल्या. बदली झाली की आम्हां धर्मगुरूंच्या हातीही नव्या चर्चच्या किल्ल्या येतात. घरात, संस्थेत, मंडळात तुमच्याही हाती त्या असतात. त्या नेमक्या कोणाच्या आहेत, हे तेरेजाच्या त्या आसनाकडे पाहून आपण स्वतःला विचारू या.