रघुनाथराव पेशवे

रघुनाथराव बाजीराव भट ऊर्फ राघोबादादा (१७३४ – ११ डिसेंबर १७८३) हे मराठा साम्राज्यातील सेनानी व काही काळ पेशवे होते. थोरले बाजीराव व काशीबाई यांचे ते पुत्र आणि नानासाहेब पेशव्यांचे धाकटे बंधू होत. त्यांच्या उत्तरेतील घोडदळाच्या मोहिमांची माहिती मुख्यतः छावणीतून पुण्यास धाडलेल्या पत्रांतून मिळते. नाशिकजवळील आनंदवल्ली येथे त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते.

उत्तरेतील मोहिमा

१७५३ ते १७५५ या पहिल्या मोहिमेत रघुनाथरावांनी सुरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्यास वेढा घातला. या वेढ्यात मार्च १७५४ मध्ये मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव मारले गेले. १७५७ मध्ये दुसऱ्या मोहिमेत मराठ्यांनी दिल्लीवर ताबा मिळवला. मार्च १७५८ मध्ये सरहिंद आणि एप्रिलमध्ये लाहोर हस्तगत झाले. मल्हारराव होळकर व नाशिक प्रांतातील विंचूरचे जहागीरदार विठ्ठल शिवदेव हे या मोहिमेतील प्रमुख सरदार होते.

लाहोरचे पत्र

४ मे १७५८ रोजी रघुनाथरावांनी नानासाहेबांना लिहिलेले पत्र विशेष प्रसिद्ध आहे. अब्दालीचा पुत्र तैमूरशाह व सेनापती जहानखान यांचा पराभव, अटकेअलीकडील लाहोर, मुलतान व काश्मीर या सुभ्यांचा बंदोबस्त आणि इराणच्या शाहाकडून आलेली पत्रे यांचा त्यात उल्लेख आहे. अटक ही सरहद्द ठरवण्याची शाहाची सूचना त्यांना मान्य नव्हती. काबूल व कंदाहार हे अकबरापासून आलमगिरापर्यंत हिंदुस्थानचे सुभे असल्याने ते इराणला का द्यावेत, अशी त्यांची भूमिका होती.

प्रत्यक्षात मात्र वार्षिक ७५ लाख रुपयांच्या करारावर पंजाब अदिना बेगकडे सोपवून रघुनाथराव त्याच महिन्यात परत फिरले. सप्टेंबर १७५८ मध्ये अदिना बेग मरण पावला आणि ही व्यवस्था कोलमडली. ग्रँट डफच्या इतिहासानुसार या मोहिमेमुळे सुमारे ८० लाख रुपयांचे कर्ज झाले. सदाशिवरावभाऊंनी त्यावर टीका केली. १७६० मध्ये उत्तरेत भाऊंची रवानगी झाली आणि तिचा शेवट पानिपतात झाला.

आनंदवल्ली आणि धोडप

पानिपतनंतर नानासाहेबांचे निधन झाले व माधवराव पेशवे झाले. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगाव येथे रघुनाथरावांनी पुतण्यास शरण येण्यास भाग पाडले. परंतु ऑगस्ट १७६३ मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत दोघे निजामाविरुद्ध एकत्र लढले. पुढे रघुनाथराव गोदाकाठी आनंदवल्ली येथे राहू लागले. तेथूनच त्यांनी पुन्हा सैन्य जमवले. जून १७६८ मध्ये चांदवडजवळील धोडप किल्ल्याच्या परिसरात माधवरावांनी त्यांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले.

पेशवेपद व अखेर

३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांनी दिलेल्या लेखी आज्ञेत आनंदीबाईंनी एक अक्षर बदलल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवले. बारभाईंच्या विरोधामुळे पद गमावल्यावर त्यांनी मार्च १७७५ मध्ये इंग्रजांशी सुरतेचा तह केला. यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध उद्भवले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांना दरमहा २५,००० रुपयांचे वेतन मिळाले. कोपरगाव येथे त्यांचे निधन झाले. आनंदीबाईंचा मृत्यू १७९४ मध्ये आनंदवल्लीस झाला.

पत्रव्यवहार व ऐतिहासिक साधने

छावणीतील पत्रे चिटणीस व कारकून मोडी लिपीत लिहीत आणि ती कासीद, जासूद व सांडणीस्वारांमार्फत पाठवली जात. अनेक पत्रांत चांद्रमासाची तारीख असते, पण वर्ष नसते. त्यामुळे मजकुरातील घटनांवरून काळ ठरवावा लागतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या पहिल्या खंडात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ दरम्यान प्रसिद्ध झाले. या साधनांमुळे अटकेच्या मोहिमेचे लष्करी यश आणि तिची आर्थिक दुर्बलता या दोन्ही बाजू अभ्यासता येतात.