सम्राज्ञी कोम्यो

जपानमधील नारा नगरीत होक्केजी नावाचा भिक्षुणी विहार आहे. तेथील प्राचीन परंपरेच्या स्नानगृहाशी एक लोककथा निगडित आहे. सम्राज्ञी कोम्यो हिने एक हजार लोकांना स्वहस्ते स्नान घालण्याचा संकल्प केला. हजारावा आला तो कुष्ठरोगी. आपल्या जखमांतील पू तिने मुखाने शोषून काढावा, अशी त्याची मागणी होती. तिने तीही पूर्ण केली. तत्क्षणी त्याचा देह तेजाने उजळला आणि तो साक्षात अक्षोभ्य बुद्ध असल्याचे प्रकट झाले.

ही कथा तिच्या मृत्यूनंतर कित्येक शतकांनी ग्रंथबद्ध झाली. तिचा शेवट आम्हांस पटत नाही. तो मनुष्य अखेरपर्यंत साधा कुष्ठरोगीच राहिला असता, तर सम्राज्ञीचे कर्म उणे ठरले असते काय? समाज ज्याला शिवत नाही, त्याची सेवा सार्थ ठरण्यासाठी तो बुद्धच निघावा लागतो, ही अट आम्ही मान्य करीत नाही.

इतिहासातील कोम्यो आम्हांस अधिक मोलाची वाटते. तिचा जन्म इ. स. ७०१ चा. पिता फुजिवारा नो फुहितो हा दरबारातील बलाढ्य मंत्री. तिचे मूळ नाव आसुकाबेहिमे. ‘हिमे’ म्हणजे कुलीन कन्या. पुढे ती कोम्योशी झाली. ‘कोम्यो’ म्हणजे प्रकाश. सुवर्णप्रभास सूत्राच्या जपानी नावातही हाच शब्द आहे. त्यापुढील ‘शि’ या अक्षराचा दुसरा उच्चार ‘को’ असून पुढे असंख्य जपानी स्त्रियांच्या नावांचा शेवट त्याच अक्षराने होऊ लागला.

७१६ मध्ये तिचा विवाह युवराजाशी झाला. ७२४ मध्ये तो सम्राट शोमू झाला. त्यांचा चिमुकला पुत्र ७२८ मध्ये दगावला. पुढच्याच वर्षी राजपुत्र नागाया याच्यावर राजद्रोहाचा आळ येऊन त्याला आत्मघात करावा लागला आणि त्याच वर्षी सम्राटकुळाबाहेरची ही कन्या सम्राज्ञीपदी बसली. यात तिच्या माहेरचा हात होता, असे अभ्यासक मानतात. चरित्र लिहिताना हे पान फाडून टाकणे आम्हांस उचित वाटत नाही.

७३० मध्ये तिने रुग्णांसाठी औषधालय स्थापिले. स्वतःच्या आणि पित्याच्या घराण्याच्या जहागिरीच्या उत्पन्नातून प्रांतोप्रांतीच्या वनौषधी दरवर्षी खरेदी कराव्यात, अशी व्यवस्था लावून दिली. निराधार व अनाथांसाठीही एक आश्रयगृह होते. त्याच्या नावाचा अर्थ ‘करुणेचे शेत’. एका दिवसाच्या स्नानापेक्षा दरवर्षीची ही तरतूद आम्हांस थोर वाटते. ७३७ मध्ये देवीच्या साथीत तिचे चारही भाऊ मृत्युमुखी पडले. राजवाड्याच्या भिंतींनी रोग अडत नाही, हे तिने स्वतःच्या घरात पाहिले.

प्रांतोप्रांती विहार आणि नारातील तोदाईजी येथील महाबुद्ध उभारण्यास तिनेच सम्राटाला प्रवृत्त केले, अशी राजवृत्तांतात नोंद आहे. ७५२ मध्ये त्या मूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाला. आणखी एक लहानशी गोष्ट आम्हांस लक्षणीय वाटते. ७४४ मध्ये एका चिनी ग्रंथाची स्वहस्ते नक्कल करून तिने खाली सही केली, ती सम्राज्ञी म्हणून नव्हे, तर फुजिवारांची तिसरी मुलगी म्हणून.

७५६ मध्ये शोमूचे निधन झाले. तिने त्याच्या सहाशेहून अधिक प्रिय वस्तू महाबुद्धास अर्पण केल्या. सोबत एकवीस पेट्यांत साठ प्रकारची औषधे होती आणि ती रुग्णांसाठी वापरावीत, असे दानपत्रात नमूद होते. ७६० मध्ये ती निवर्तली. त्या औषधांपैकी काही आजही नारातील शोसोइन भांडारात जतन केलेली आहेत.