डॉ. होमी भाभा : प्रकीर्णनाचे गणित

तारापूर कोठे आहे हे डहाणू-तलासरीच्या पालकांना सांगावे लागत नाही. तेथील अणुभट्ट्यांमागे ज्यांची दृष्टी होती ते डॉ. होमी जहांगीर भाभा मुळात सूक्ष्म कणांचे अभ्यासक होते. त्यांची ही बाजू आमच्या वर्गांत सहसा पोचत नाही, म्हणून ती येथे मांडीत आहोत.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सधन पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई या त्यांच्या आत्या. अभियंता होऊन त्यांनी जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, या हेतूने त्यांना केंब्रिजला पाठविण्यात आले. पण मन भौतिकशास्त्रात रमले. अभियांत्रिकीत प्रथम श्रेणी मिळाल्यास गणित शिकण्याची मुभा वडिलांनी दिली आणि १९३० मध्ये ती श्रेणी मिळाली. विषय असा बदलता येणे ही सुस्थितीची देणगी होय. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला की ज्यांचे शिक्षणच थांबते, त्या मुलांना ती लाभत नाही. बुद्धी मात्र कोणत्याही घराची मिरास नाही.

जे दिसत नाही त्यावर कण सोडावेत, ते कोणत्या कोनात किती विखुरतात हे मोजावे आणि त्यावरून लक्ष्याचे स्वरूप ओळखावे, याला प्रकीर्णन म्हणतात. अंधारातल्या मडक्यावर चिंचोके मारून ते केवढे आहे हे ताडावे, तसेच काहीसे. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन आदळल्यास कसे विखुरतील, याचे गणित भाभांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केले. दोघे नाहीसे होऊन पुन्हा नवी जोडी निर्माण होण्याची शक्यताही त्यांनी हिशेबात धरली, हे त्यातील मर्म. जग याला भाभा प्रकीर्णन म्हणते.

पुढे १९५० च्या दशकात स्टॅनफर्ड येथे रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी हायड्रोजनवर इलेक्ट्रॉन सोडले. प्रोटॉन हा बिंदू नसून त्याला आकार आहे, हे त्यातून दिसले. त्रिज्या मिलिमीटरच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही कमी! १९६१ चे नोबेल त्यांना मिळाले. इलेक्ट्रॉनला आकार आहे काय, याची परीक्षा भाभा प्रकीर्णनानेच घेतली जाते. आजवर तो बिंदुवतच आढळला आहे.

१९३९ मध्ये सुटीवर आलेले भाभा महायुद्धामुळे येथेच राहिले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि १९५६ मध्ये तुर्भे येथे ‘अप्सरा’ अणुभट्टी उभी राहिली. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून त्यांचा अंत झाला. तारापूरची वीज १९६९ मध्ये वाहू लागली. तेथील विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली, ती त्यानंतर कित्येक वर्षांनी; तो भार आम्ही भाभांच्या माथी ठेवीत नाही, पण विसरतही नाही.