समजून घ्या : रविवारची सुट्टी आली कुठून? ठाण्यात जन्मलेल्या नारायण लोखंडेंची गोष्ट

मुरबाड एमआयडीसी असो की शहापूर-आसनगावकडचे कारखाने, नोकरी लागताना एक प्रश्न ठरलेला : सुट्टी कधी? आज साप्ताहिक सुट्टी कायद्यात आहे. ती आधी मागावी लागली होती. मागणारे होते नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८, ठाणे.

कोण होते लोखंडे?
रेल्वे आणि पोस्टात नोकरी करून ते मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. मालकाचा हिशेब आणि कामगारांचे हाल, दोन्ही त्यांच्या डोळ्यांसमोर होते. ते महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीत होते. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधु' हे पत्र चालवले.

गिरणीचा नियम काय होता?
सूर्योदय ते सूर्यास्त काम. ठरलेली सुट्टी नाही, पगारही उशिरा. १८८१ चा फॅक्टरी कायदा मुख्यतः लहान मुलांपुरता होता.

मग कामगार काय करायचे?
त्यांची आपसातली रीत वेगळी होती. सोबत्याला सांगून थोडा वेळ बाहेर यायचे, सण किंवा शेतीची कामे आली की गावी जायचे. मालक याला बेशिस्त म्हणत. पण नियमात विश्रांतीच नव्हती, म्हणून ती अशी घेतली जायची. त्यात पगार बुडायचा आणि सगळे मुकादमाच्या मर्जीवर राहायचे.

लोखंडेंनी काय वेगळे केले?
त्यांनी ही तोंडी रीत लेखी मागणीत आणली. १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन झाली. सुमारे ५,५०० कामगारांच्या निवेदनात रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि जखमी कामगाराला मदत अशा मागण्या होत्या.

रविवारच का?
रविवार हा खंडोबाचा वार, आणि सरकारी कचेऱ्याही त्याच दिवशी बंद. कामगारांची रीत आणि मालकांची व्यवस्था या एका दिवसावर जुळत होती.

पुढे काय झाले?
२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मी रेसकोर्सवर सुमारे १० हजार कामगार जमले. दोन महिला कामगारही बोलल्या. १० जूनला गिरणी मालकांच्या संघटनेने सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगच्या साथीत लोखंडेंचे निधन झाले.

आज याचा उपयोग काय?
कागदावर सुट्टी असते, पण रविवारी ओव्हरटाइमला नाही म्हटले तर लाइनवरचे सोबतीच नाव ठेवतात. अशा वेळी एकट्याने दांडी मारली तर पगार कापला जातो. सगळ्यांनी मिळून लेखी मागितले, तर नियम बदलू शकतो.