दुर्गाबाई देशमुख आणि मुलाच्या ताब्याचा प्रश्न

आईवडील विभक्त झाल्यावर मूल कोणाकडे राहावे, याचा निर्णय जयपुरात कुटुंब न्यायालय करते. अशी न्यायालये स्थापण्यात राजस्थानने १९८५ साली पुढाकार घेतला. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबईत ती १९८९ साली आली. या न्यायालयांची कल्पना देशात ज्यांनी सर्वप्रथम आग्रहाने मांडली, त्या दुर्गाबाई देशमुख हे पाहण्यास हयात नव्हत्या. ९ मे १९८१ रोजी त्यांचे निधन झाले होते.

राजमहेंद्री येथे १९०९ साली जन्मलेल्या दुर्गाबाईंचा विवाह आठव्या वर्षी झाला. जाणत्या वयात त्या या बंधनातून बाहेर पडल्या. मिठाच्या सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास घडला. तेथे भेटलेल्या अनेक स्त्रिया केवळ कायद्याच्या अज्ञानामुळे शिक्षा भोगत होत्या. त्या अनुभवाने दुर्गाबाई कायद्याच्या अभ्यासाकडे वळल्या आणि मद्रासला वकिली करू लागल्या. पुढे त्या संविधान सभेच्या व नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या. १९५३ च्या जानेवारीत तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्याच वर्षी चीनच्या दौऱ्यात त्यांनी तेथील कौटुंबिक न्यायालयांचे काम पाहिले. परतल्यावर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचे छगला व गजेंद्रगडकर या न्यायमूर्तींशी चर्चा केली आणि पंतप्रधान नेहरूंपुढेही हा विषय मांडला. कल्पना कायद्यात उतरण्यास तीन दशके लागली. विधी आयोगाने १९७४ साली तिला पाठबळ दिले. संसदेने १९८४ साली कायदा केला.

ताब्याच्या वादात या कल्पनेचे मोल विशेष जाणवते. १८९० चा पालक व पाल्य कायदा मुलाचे वय, पालकाचे चारित्र्य व पात्रता आणि समजत्या मुलाची पसंती विचारात घेण्यास सांगतो. १९५६ च्या हिंदू कायद्याने नैसर्गिक पालकत्वात वडिलांना अग्रक्रम दिला. मात्र पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहावे असे म्हटले आणि मुलाचे हित सर्वोपरी ठरवले. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने वडिलांच्या अग्रक्रमाचा संकुचित अर्थ नाकारून, त्यांच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक ठरू शकते, असा निर्वाळा दिला.

परंतु हित म्हणजे काय, हे कलमांतून कळत नाही. मुलाची शाळा, आजीआजोबांचा सहवास, भावंडांची जोडी, आईवडिलांचा वेळ आणि स्वभाव, हे सारे तपासावे लागते. उत्पन्न अधिक म्हणून पालकत्व अधिक ठरत नाही. म्हणूनच कुटुंब न्यायालयाने प्रथम समेटाचा प्रयत्न करावा, समुपदेशक व तज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे आणि वकिलाचा आग्रह हक्क म्हणून मान्य करू नये, अशी तरतूद १९८४ च्या कायद्यात आहे.

ही तरतूद अमलात आणण्यासाठी प्रशिक्षित समुपदेशक, बोलके वातावरण असलेली भेटीची खोली आणि तातडीचा निर्णय लागतो. मुलाचे बालपण तारखांची वाट पाहत थांबत नाही. दोन वर्षे एका घरी राहिलेले मूल तेथे रुळते, आणि मग विलंबच निकाल ठरवू लागतो. राज्य सरकारांनी न्यायालयांची संख्या मोजताना त्यांतील समुपदेशकांची पदे भरली आहेत की नाहीत, हेही पाहावे. दुर्गाबाईंनी केवळ नव्या नावाची इमारत मागितली नव्हती. कुटुंबाचे दुःख समजून घेणारी यंत्रणा मागितली होती.