लाईन बिझी का लागते? १०० वर्षांपूर्वी उत्तर शोधणारा एर्लांग

ऑफिसला फोन लावला की सगळ्या लाईन्स व्यस्त आहेत, असं ऐकू येतं. मग सहज वाटतं, कंपनी लाईन वाढवत का नाही? पण किती वाढवायच्या? या प्रश्नाचं नेमकं उत्तर देणारं गणित मांडलं डेन्मार्कच्या एका माणसाने. नाव आग्नर क्रारुप एर्लांग.

एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कमधल्या लोनबोर्ग या गावी झाला. वडील शाळामास्तर. मुलगा इतका हुशार की अवघ्या १४ व्या वर्षी तो कोपनहेगन विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पास झाला. त्यासाठी कमी वयामुळे खास परवानगी घ्यावी लागली होती. १९०१ मध्ये गणितातली पदवी घेऊन त्यांनी काही वर्षं शाळांमध्ये शिकवलं.

पुढे गणितज्ञांच्या संघटनेत त्यांची ओळख योहान येन्सन यांच्याशी झाली. येन्सन स्वतः नावाजलेले गणितज्ञ आणि कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य इंजिनिअर. त्यांच्यामुळे १९०८ मध्ये एर्लांग या कंपनीत आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

हाताखाली प्रयोगशाळेचे कर्मचारी नव्हते. त्यामुळे केबलमध्ये भरकटणारे विद्युत प्रवाह मोजण्याचं काम हा गणितज्ञ स्वतःच करायचा. सोबत शिडी घेतलेला एक कामगार आणि कोपनहेगनच्या रस्त्यांवर मॅनहोलमध्ये उतरणारे एर्लांग, हे दृश्य नेहमीचं होतं.

अडचण नेमकी काय होती?

लाईन कमी ठेवल्या तर ग्राहक वैतागणार. जास्त टाकल्या तर पैसा वाया जाणार. त्यात फोन कधी येईल, याचा नेम नाही. १९०९ मध्ये एर्लांग यांनी दाखवून दिलं की एकेक कॉल सांगता येत नसला, तरी अशा अनेक कॉल्सचा एक ठराविक आकृतिबंध असतो. १९१७ मध्ये त्यांनी दोन गोष्टींची सूत्रं मांडली. किती कॉल्सना लाईन मिळणार नाही, हे एका सूत्रातून कळतं. रांगेत किती थांबावं लागेल, हे दुसऱ्यातून.

एक सोपं उदाहरण घेऊ. एका ऑफिसात तासाला ६० कॉल येतात, प्रत्येक सरासरी ३ मिनिटांचा. म्हणजे एकूण १८० मिनिटं, अर्थात ३ तासांचं बोलणं. मग ३ लाईन पुरतील? नाही! एर्लांग यांच्या सूत्रानुसार ३ लाईन असतील तर जवळपास ३५ टक्के कॉल्सना बिझी टोन मिळेल. हे प्रमाण १ टक्क्याच्या खाली आणायचं तर ८ लाईन लागतात. कारण कॉल एकामागोमाग शिस्तीत येत नाहीत, ते एकदम येतात.

म्हणूनच ऑफिसचा फोन सारखा बिझी लागत असेल, तर दरवेळी बिघाड यंत्रातच असतो असं नाही. अनेकदा हिशोब चुकलेला असतो.

नाव मागे राहिलं

एर्लांग यांनी लग्न केलं नाही. पुस्तकं जमवण्याचा त्यांना नाद होता. ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. १९४६ मध्ये टेलिफोन वाहतूक मोजण्याच्या एककाला 'एर्लांग' हे नाव मिळालं, पण ते पाहायला ते नव्हते. एक लाईन तासभर सलग वापरात असेल, तर ती वाहतूक १ एर्लांग.

आजही कॉल सेंटरमध्ये एका शिफ्टला किती माणसं बसवायची, हे ठरवताना त्यांचं सूत्र वापरलं जातं. १९८० च्या दशकात एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी तयार झालेल्या प्रोग्रामिंग भाषेचं नावही 'एर्लांग'च. व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर याच भाषेच्या जोरावर उभे राहिले. त्यामुळे सकाळी फॅमिली ग्रुपवर येणाऱ्या 'गुड मॉर्निंग'च्या मागेही हे नाव असतं, आपल्याला ते दिसत नाही इतकंच.