मदत कोणाच्या मर्जीने?

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बर्लिंगेम गावात राहणारा एड रॉबर्ट्स १९५३ मध्ये १४ वर्षांचा होता. खेळाचे वेड आणि अभ्यासाचा कंटाळा, असा चारचौघांसारखा मुलगा. त्या वर्षी त्याला पोलिओ झाला. काही दिवसांतच त्याचे शरीर मानेखाली जवळजवळ पूर्ण लुळे पडले. एका हाताची दोन बोटे आणि पायाची काही बोटे एवढीच काय ती हलत होती. पोलिओची पहिली परिणामकारक लस वापरात यायला तेव्हा अजून दोन वर्षे अवकाश होता.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे शरीरात शिरतो. बहुतेकांना किरकोळ तापापलीकडे काही होत नाही. पण शेकडा एकाहूनही कमी रुग्णांमध्ये तो मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हालचालीची आज्ञा देणाऱ्या चेतापेशींपर्यंत पोहोचतो आणि त्या नष्ट करतो. स्पर्श, वेदना, थंडी-ऊन हे सारे रुग्णाला पूर्वीसारखेच जाणवत राहते. फक्त हात उचलता येत नाही की कूस बदलता येत नाही. श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू निकामी झाले, तर श्वासही थांबतो. अशा रुग्णांसाठी तेव्हा आयर्न लंग, म्हणजे लोखंडी फुप्फुस नावाचे यंत्र असे. रुग्णाचे डोके बाहेर ठेवून बाकीचे शरीर एका बंद पिंपात ठेवायचे. पिंपातला हवेचा दाब कमी झाला की छाती फुगते आणि हवा आत येते. दाब वाढला की हवा बाहेर जाते. एडला या पिंपात ठेवण्यात आले.

मुलगा वाचला तरी त्याचे आयुष्य एखाद्या भाजीसारखे निर्जीव असेल, असे डॉक्टरांनी त्याच्या आईला, झोना यांना सांगितले. एडच्या कानावर ते पडले. पुढे मोठेपणी तो गमतीने सांगत असे, की भाजीच व्हायचे तर आपण आर्टिचोक होऊ. बाहेरून काटेरी आणि आतून मऊ. पण त्या वेळी त्याला गंमत सुचणे शक्य नव्हते. त्याला मरायचे होते. हात हलत नसल्याने जेवण नाकारणे एवढा एकच मार्ग त्याच्यापाशी होता. नळीने अन्न देऊनही त्याचे वजन २५ किलोंच्या आसपास उतरले.

मग एक दिवस त्याची शेवटची खासगी परिचारिका काम संपवून निघून गेली. आता खायचे की नाही, हे त्याच्यावर सोडण्यात आले होते. एड खाऊ लागला. सक्तीने भरवले जात असताना खाण्यातून त्याचे मन उडाले होते, आणि निर्णय स्वतःच्या हाती येताच त्याने जगणे निवडले. पुढच्या चाळीस वर्षांत त्याने जे काही उभे केले, त्याचे बीज या प्रसंगात सापडते.

दीड वर्षानंतर तो घरी आला. रात्री आयर्न लंगमध्ये झोपायचे. दिवसा काही तास तो बेडकासारखा श्वास घेई. यात जीभ आणि घसा वापरून हवेचे घोट गिळल्यासारखे फुप्फुसांत ढकलायचे असतात. हे तंत्र घोटवून घोटवून शिकावे लागते. घर आणि वर्ग टेलिफोनच्या तारेने जोडून त्याचे शालेय शिक्षण सुरू झाले. त्याला घराबाहेर पडण्याचीच भीती वाटत होती, कारण लोक टक लावून बघतील. कामगार चळवळीत वावरलेल्या झोना यांनी अखेर त्याला प्रत्यक्ष शाळेत जायला लावले. लोकांनी टक लावून बघितलेच. त्या नजरांनी आपले काही बिघडत नाही, असे एडच्या लक्षात आले. आपण जणू नामांकित नट आहोत, असे समजून त्याने त्या नजरा झेलायला सुरुवात केली.

शिक्षण पुरे झाल्यावर शाळेने त्याला प्रमाणपत्र नाकारले. शारीरिक शिक्षण आणि मोटार चालवणे हे दोन विषय त्याने पूर्ण केले नव्हते! झोना यांनी शाळा मंडळापर्यंत भांडून प्रमाणपत्र मिळवले. पुढे सॅन मटेओच्या महाविद्यालयात दोन वर्षांचे शिक्षण झाल्यावर त्याने राज्याच्या पुनर्वसन विभागाकडे आर्थिक मदत मागितली. विभागाने ती फेटाळली. या माणसाला कधीच नोकरी करता येणार नाही, तेव्हा त्याच्या शिक्षणावर पैसा खर्च करणे व्यर्थ आहे, असा शेरा पडला. प्रकरण वृत्तपत्रांत गेले आणि विभागाला माघार घ्यावी लागली.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९६२ मध्ये प्रवेश दिला. पण राहायचे कुठे? साडेतीनशे किलोंहून जड आयर्न लंग पेलेल अशी वसतिगृहाची एकही खोली नव्हती. विद्यार्थी आरोग्यसेवेचे प्रमुख डॉ. हेन्री ब्रुइन यांनी आवारातल्या कॉवेल रुग्णालयात एक खोली देऊ केली. रॉबर्ट्स यांनी ती स्वीकारताना अट घातली, की आपण तिथे रुग्ण म्हणून नव्हे, वसतिगृहातला विद्यार्थी म्हणून राहू. धाकटा भाऊ रॉनही त्याच विद्यापीठात शिकत होता. सुरुवातीच्या मदतनिसांपैकी तो एक झाला.

पुढच्या वर्षी जॉन हेसलर हा दुसरा विद्यार्थी कॉवेलमध्ये आला. पाण्यात सूर मारताना मान मोडून तो अपंग झाला होता. हळूहळू गंभीर अपंगत्व असलेले दहा-बारा जण त्या मजल्यावर जमले. राज्याकडून मिळणाऱ्या पैशांतून ते आपले मदतनीस स्वतः नेमत, त्यांना काम शिकवत आणि पटले नाही तर काढूनही टाकत. नर्सिंगचे शिक्षण नसलेले साधे विद्यार्थी हे काम करत. उठवणे, अंघोळ, कपडे, भरवणे, खुर्चीत बसवणे, वर्गात नेणे यांसाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. लागते ती नीट सांगणाऱ्याची आणि नीट ऐकणाऱ्याची. कोणाचा मदतनीस आला नाही, तर दुसऱ्याचा मदतनीस मजल्यावर असे. कोणत्या डॉक्टरकडे जावे, मूत्रनलिकेची काळजी कशी घ्यावी, खुर्ची कुठे दुरुस्त होते, ही माहिती एकमेकांकडून मिळे. या गटाने स्वतःचे नाव ठेवले रोलिंग क्वॉड्स. हातपाय लुळे, पण चाकांवर फिरणारे, असा त्याचा मिश्कील अर्थ.

रॉबर्ट्स यांना विजेवर चालणारी खुर्ची जमणार नाही, असे सांगण्यात आले होते. मग ते प्रेमात पडले. खुर्ची ढकलणारा मदतनीस भेटीच्या वेळी सतत पाठीशी उभा राहू लागला, तेव्हा ती अडचण सहन होईना. हाताच्या दोन बोटांनी खुर्ची चालवायला ते चटकन शिकले.

या मजल्यावरच्या एकोप्याची परीक्षा १९६९ मध्ये झाली. पुनर्वसन विभागाच्या एका अधिकाऱ्याने अभ्यासात मागे पडलेल्या दोघांना बाहेर काढायचे ठरवले. बाहेर म्हणजे बहुधा कायमचे एखाद्या शुश्रूषागृहात. सारा मजला एकत्र उभा राहिला, बातम्या छापून आल्या आणि दोघेही तिथेच राहिले. आपले जगणे एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये, हा धडा सर्वांनी घेतला.

त्यातून १९७० मध्ये विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी एक सेवाकेंद्र सुरू झाले. मदतनिसांची यादी, राहण्यायोग्य घरांचा शोध, खुर्च्यांची दुरुस्ती ही त्याची कामे. ती ठरवणारे आणि चालवणारे बहुतांश अपंगच होते. खुर्चीची दुरुस्ती किरकोळ वाटेल. पण मोटार बंद पडली की माणूस जिथे आहे तिथेच अडकतो. म्हणून हे काम अग्रक्रमाचे होते. लवकरच विद्यार्थी नसलेले शहरवासीही मदतीसाठी येऊ लागले. त्यांच्यासाठी १९७२ मध्ये बर्कलीत स्वतंत्र जीवन केंद्राची स्थापना झाली. थोड्याच काळात रॉबर्ट्स त्याचे संचालक झाले. अंध, बहिरे, मज्जारज्जूला इजा झालेले असे वेगवेगळ्या अपंगत्वाचे लोक तिथे एका छताखाली आले. अंधाला वाचून दाखवणारा हवा, खुर्चीवरच्याला फूटपाथला उतार हवा. गरजा वेगळ्या असल्या तरी मागणी एकच होती. त्याच सुमारास बर्कलीच्या रस्त्यांवर असे उतार होऊ लागले. बाबागाडी ढकलणाऱ्या आयांनी आणि सामान वाहणाऱ्या हमालांनीही ते वापरले.

केंद्राने स्वातंत्र्य या शब्दाचा अर्थच बदलला. वैद्यकीय पुनर्वसनात रुग्ण स्वतः किती कामे करतो, यावर त्याची प्रगती मोजली जाई. समजा, एखाद्याला स्वतः कपडे घालायला दोन तास लागतात आणि त्यात तो इतका दमतो, की पुढे दिवसभर काहीच होत नाही. दुसरा मदतनिसाकडून पंधरा मिनिटांत कपडे घालून कामावर जातो. जुन्या मापाने पहिला स्वावलंबी आणि दुसरा परावलंबी. केंद्राच्या मते दुसरा अधिक स्वतंत्र, कारण दिवस कसा घालवायचा हे तो ठरवतो. धडधाकट माणूसही धान्य पिकवणाऱ्यावर, नळदुरुस्तीवाल्यावर, बसचालकावर विसंबून असतोच. फक्त त्याच्या विसंबण्याला कोणी दुबळेपणा म्हणत नाही.

गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी १९७५ मध्ये रॉबर्ट्स यांना कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन विभागाचे संचालक नेमले. ज्याच्या शिक्षणावरचा खर्च या विभागाने एकेकाळी व्यर्थ ठरवला होता, तोच माणूस आता तो विभाग चालवणार होता. १९८३ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले आणि राज्यात ठिकठिकाणी बर्कलीसारखी केंद्रे उभी राहण्यास मदत केली. १९७८ मध्ये केंद्रीय कायद्यातही अशा केंद्रांसाठी निधीची तरतूद झाली.

सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेने अपंगांशी भेदभाव करू नये, असे १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचे कलम ५०४ सांगत होते. पण त्याचे नियमच निघत नव्हते. एप्रिल १९७७ मध्ये ज्युडिथ ह्यूमन आणि इतरांच्या नेतृत्वाखाली शंभराहून अधिक लोक सॅन फ्रान्सिस्कोतल्या केंद्रीय कार्यालयात शिरले आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ तिथेच राहिले. राज्याचे अधिकारी असूनही रॉबर्ट्स यांनी आंदोलकांना उघड पाठिंबा दिला. अनेकांचे मदतनीस, औषधे, श्वासाची यंत्रे बाहेर राहिली होती. तिथे ज्यांचे हात चालत, त्यांनी इतरांना भरवले. रात्री दाबाने जखमा होऊ नयेत म्हणून एकमेकांची कूस बदलली. टेलिफोन तोडले गेले, तेव्हा बहिऱ्या आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप पोहोचवले. ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने गरम जेवण पुरवले. कॉवेलच्या मजल्यावर जे शिकले गेले, ते इथे मोठ्या प्रमाणावर उतरले. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली.

रॉबर्ट्स यांचे लग्न झाले, मुलगा झाला, पुढे घटस्फोटही झाला. १९८३ मध्ये त्यांनी ह्यूमन आणि जोन लिऑन यांच्यासह जागतिक अपंगत्व संस्था स्थापन केली. १९८४ मध्ये त्यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. छोटे श्वसनयंत्र जोडलेल्या खुर्चीतून ते देशोदेशी फिरले. १४ मार्च १९९५ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, हृदय बंद पडून त्यांचे निधन झाले. त्यांची खुर्ची आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला. पण अपघात, पक्षाघात, स्नायूंचे आजार आणि वार्धक्य यांमुळे दुसऱ्याच्या हातांची गरज असलेली माणसे कमी झालेली नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात समाजात राहण्याचा हक्क आणि त्यासाठी लागणाऱ्या वैयक्तिक मदतनिसासारख्या सेवांचा उल्लेख आहे. प्रत्यक्षात मात्र हे काम बहुतेक घरांत आई, बायको किंवा सून करते. मोबदल्याविना आणि सुट्टीविना. म्हणून अपंग मुलांच्या आईवडिलांना रात्री एकच प्रश्न छळतो, की आमच्यामागे याचे कसे होणार. झोना रॉबर्ट्स यांच्यापुढेही तो होताच. त्यांच्या मुलाने आणि त्याच्या मित्रांनी त्याचे उत्तर शोधले, ते मदतनिसांच्या यादीत, त्यांच्या पगारात, खुर्ची दुरुस्तीच्या दुकानात आणि अडीअडचणीला धावून येणाऱ्या शेजारच्या खोलीत.